वहिनींची टाच

आमच्या घरी येणारा माणूस आधी अडखळतो आणि मग बोलतो. दारातच पायपुसणं आहे आणि त्या पायपुसण्याला मधोमध टाच आहे. टाच म्हणजे टाचच, मोज्याला असते तशी. गोल, फुगीर, आत मूठभर हवा धरून बसलेली. नवख्याला वाटतं, खाली मांजर झोपलंय. तो घाईने पाय उचलतो, तोल जातो, चौकट धरतो, आणि मी दुकानाच्या खिडकीतून ओरडतो, "या, या, मांजर नाही, टाच आहे!" हे वाक्य मी जन्मात जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा कुणाला सांगितलं नसेल.

दुकान माझं आहे, कुलपं-किल्ल्यांचं, घराच्या पुढच्याच खोलीत. मागे हॉल, स्वयंपाकघर आणि दादा-वहिनींची खोली. वर माझी. दादा माझा थोरला भाऊ, वहिनी त्याची बायको. मी लग्न केलं नाही, त्यामुळे या दोघांच्या प्रत्येक भांडणाला साक्षीदार म्हणून मी कायमचा हजर. पगार नाही, रजा नाही.

लोक विचारतात, तुमच्याकडे पडद्याला टाच, उशीला टाच, फ्रिजच्या कव्हराला टाच, हे काय प्रकरण आहे? मी आजवर उडवाउडवी केली. आता एकदाच काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. आज दिसतात त्या टाचा दुसऱ्या खेपेच्या, पहिल्या का उसवल्या तेही यात येईल.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या आईने त्यांना समोर बसवलं आणि म्हणाली, "बाकी काही नाही आलं तरी चालेल, बाळाचा मोजा यायला हवा. कधी लागेल सांगता येत नाही." आईला स्वतःलाही तेवढंच येत होतं. तिने ते तोंडी शिकवलं. छत्तीस टाके घाल. एक सुलट, एक उलट. चार बोटं झालं की टाच वळव. मग जितकं झालं होतं तितकंच पुन्हा विण, आणि मिटव. टाच वळवायची म्हणजे ओळ पुरी करायचीच नाही. अर्ध्यावरून परत फिरायचं, दर खेपेला एक टाका आधी. मग उलटं, दर खेपेला एक टाका पुढे. असं केलं की कापडाला मधेच पोट सुटतं, तीच टाच.

वहिनींनी जोडी विणली. आईने ती प्रकाशात धरून पाहिली, एकही भोक सापडलं नाही, आणि आई खूश झाली. पुढे आई गेली. मोजे तयार होते, बाळ काही झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, वर्षं गेली. त्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टीवर गप्प बसतात आणि नळाच्या वॉशरवरून आवाज चढवतात. मला स्वतःला त्या दोघांसाठी फार वाईट वाटायचं, पण मीही याच घरातला, मीही वॉशरवरच बोलायचो.

वहिनी वाफेच्या लाँड्रीत कामाला होत्या, अजूनही आहेत. हॉटेलांच्या चादरी यायच्या, त्यांवर वाफेचा दाब द्यायचा, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. दिवसभर सपाट, सपाट आणि सपाट. एकदा घरी येऊन त्या खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आज मला एकही वस्तू अशी दिसली नाही जिला पोट आहे." मग त्यांनी सुया काढल्या.

पहिलं कव्हर किटलीचं. नमुना मोज्याचा, किटली मोज्याहून मोठी, म्हणून वहिनींनी टाके दुप्पट घातले आणि उंचीही दुप्पट धरली. लोकर दुप्पट आणली होती. ती टाचेपर्यंत येऊन संपली. दादा सर्वे ऑफिसात नकाशे काढायचा. शेतंच्या शेतं कागदावर बोटभर करून ठेवायची, हाच त्याचा धंदा. तो चष्मा पुसत म्हणाला, "अगं, रुंदी दुप्पट आणि उंचीही दुप्पट म्हणजे कापड चौपट. लोकर चौपट नको का?"

"म्हणजे माझं चुकलं?"

"चुकलं नाही. कमी पडलं."

"मग मी टाके वाढवणारच नाही," वहिनी म्हणाल्या. "आईंनी छत्तीस सांगितलेत, छत्तीसच राहतील. मी सुई जाड करते."

आणि इथून घराचे दिवस फिरले. वहिनींची युक्ती अशी, की नमुन्याला हात लावायचा नाही. टाके तेच, ओळी त्याच, टाच तीच. फक्त सुई जाड करायची आणि दोरा जाड करायचा, वस्तू आपोआप मोठी होते. किटलीसाठी सुयांच्या जागी पेन्सिली आल्या. उशीसाठी लोकरीचे चार पदर एकत्र पिळले आणि रंगाऱ्याच्या ब्रशांचे दांडे घेतले. पडद्यापर्यंत पोचताना लोकर परवडेना, तेव्हा त्यांनी लाँड्रीतल्या बाद चादरी मागून आणल्या, फाडून लांब पट्ट्या केल्या आणि पट्ट्यांचे गुंडे वळले. सुया म्हणून झाडूचे दांडे, टोकं माझ्या कानशीने घासून दिलेली. माझ्या दुकानातली चांगली कानस त्यात बोथट झाली. मी बोललो काही? नाही बोललो.

टाच गाळता येणार नाही का, असं मी एकदा विचारलं. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच कुलपात तोंड घातलं. "टाच आली की कळतं, अर्धं झालं," त्या म्हणाल्या. "टाच नसली तर कळणार कसं, कुठवर आलो?" त्यामुळे पडद्याची टाच खोलीत डोकावते आणि आपण चहा पीत असलो की खांद्याला लागते. फ्रिजच्या कव्हराची टाच बरोबर हँडलवर आलीय, दार उघडायला आधी टाचेत हात घालावा लागतो. सोफ्याला दोन टाचा आहेत, कारण सोफा दोन मोज्यांत बसला. पाहुणा मधे बसला की दोन्ही बाजूंनी त्याला कुणीतरी कोपर टेकवून बसल्याचा भास होतो.

झाडूचे दांडे एकट्या माणसाला पेलत नाहीत. उजवा दांडा वहिनी फिरवायच्या, डावा कुणीतरी आडवा धरून बसावा लागायचा. तो दादा धरायचा. सुट्टीच्या दुपारी समोरासमोर दोन स्टुलं टाकून दोघं बसायची. दादा दांडा धरून मान मागे टाकायचा, वहिनी म्हणायच्या, "अहो, झोपलात का? पुढे करा," तो दोन बोटं पुढे करायचा. बाहेर लोकांना सांगायचा, "हिला वेड लागलंय." पण दांडा कधी सुटला नाही त्याच्या हातून.

मग तो रस्ता झाला.

दादा निवृत्त झाला तरी ऑफिसातून अधूनमधून काम यायचं. बसस्टँडपासून नव्या वसाहतीपर्यंत रस्ता काढायचा होता. मधे मोकळं मैदान. झाड नाही, विहीर नाही, टेकाड नाही. दोन टोकं आणि एक सरळ रेघ, शाळकरी पोरानेही काढावी अशी. दादाच्या नकाशे काढायच्या फळीवर धूळ बसते म्हणून वहिनींनी तिलाही कव्हर केलं होतं, अर्थात टाचेसकट. दादा रोज ते काढून ठेवायचा आणि मग कामाला बसायचा. त्या दिवशी थंडी होती, कव्हर उबदार होतं, त्याने ते काढलं नाही. त्यावरच कागद पसरला, पट्टी ठेवली. लांब पट्टी, पातळ. टाचेच्या फुगवट्याला टेकून ती बाजूला बोटभर वाकली आणि रेघही वाकली.

आता कुणालाही वाटेल, नकाशे काढण्यात केस पांढरे झालेल्या माणसाला हे दिसलं कसं नाही? माझं उत्तर सोपं आहे. तो आमच्या घरात राहत होता. इथे प्रत्येक वस्तू मधेच फुगते. राहून राहून त्याच्या डोळ्याला ते वाकडं दिसेनासंच झालं होतं. त्याने रेघ पाहिली, त्याला ती नेहमीसारखी वाटली, खाली सही ठोकली.

कागदावर बोटभर फुगवटा. जमिनीवर तो चांगला ऐसपैस फेरा झाला. ऑफिसात कुणी विचारलं नाही, कारण दादाचं काम कधी चुकत नसे. ठेकेदाराने विचारलं नाही, कारण ठेकेदार विचारत नसतात. मैदानाच्या मधोमध रस्ता सरळ येतो, अचानक डावीकडे पोट काढतो, कशालाच वळसा घालत नाही, आणि पुन्हा सरळ होतो. उद्घाटनाला मोठे साहेब आले. गाडी वळणावर थांबवली, खाली उतरले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"इथे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मैदान, साहेब."

"मग वळलोय कशाला आपण?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादाच्या पायाखालची जमीन सरकली असणार, पण माणूस पक्का. म्हणाला, "जमिनीचा कल आहे." साहेबांनी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतून पाहिलं. पाणी जिथल्या तिथे राहिलं. साहेब गाडीत जाऊन बसले, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ऑफिसातून काम यायचं बंद झालं.

वहिनी आणि मी गर्दीत मागे होतो. दादा मान खाली घालून आमच्याकडे आला. त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मला त्याला घट्ट धरावंसं वाटलं. आणि वहिनी? वहिनी त्या वळणाकडे आ वासून बघत होत्या. त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाल्या, "अहो, काय सुरेख वळलीय हो टाच! एका टाक्याचा फरक नाही!"

त्यांनी मनापासून म्हटलं होतं. एवढी मोठी टाच त्यांच्या हातून कधी होणार नव्हती, ती त्यांच्या नवऱ्याने करून दाखवली, याचा त्यांना अभिमानच वाटत होता. दादा आमच्या पुढे पुढे चालत घरी आला. दारात पायपुसण्याला अडखळला, पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि मग त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एक वस्तू!" तो ओरडला. "या घरात मला एक वस्तू सपाट दाखव! टाच, टाच, टाच! ज्या घरात बाळाचा पाय कधी पडला नाही, त्या घरात टाच हवीच कशाला?"

मी हातातलं कुलूप खाली ठेवलं. वाटलं, आत्ताच्या आत्ता याच्या मुस्कटात द्यावी. थोरला असो नाहीतर कुणी असो. इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते बोलायला याला हाच मुहूर्त सापडला! दादाच्या स्वतःच्याच चेहऱ्यावर दिसत होतं की शब्द तोंडातून निसटलाय आणि आता धरता येत नाही. पण माफी मागणं ही आमच्या घराण्याची विद्या नव्हे. तो आत गेला, पिशवीत चार कपडे कोंबले आणि "मी ताईकडे जातो" एवढं भिंतीला सांगून निघून गेला. ताई म्हणजे आमची सगळ्यांत मोठी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी किटली घेतली, तिचं कव्हर काढलं, मिटवलेला टाका शोधला आणि दोरा ओढला. कव्हर सरसर उसवत गेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. पाय नाही, तर टाच कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाँड्रीत रजा टाकली. मला हाक मारली, दादाच्या स्टुलावर बसवलं आणि डावा दांडा माझ्या हातात दिला. छत्तीस टाके घातले. "सपाट विणणार आहे," म्हणाल्या. "टाच येईल तिथे हात आपोआप फिरतील माझे. तुम्ही ओरडायचं."

मी ओरडलो. ओळ अर्ध्यावर आली की त्यांचे हात परत फिरायला लागायचे, मी "पुढे!" म्हणून बोंब ठोकायचो, त्या दचकायच्या आणि ओळ पुरी करायच्या. टाचेची जागा गेली. कापड तसंच पुढे सरकलं, सपाट, गुळगुळीत, बघवेना असं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हटलं, "झालं, आता तितकंच पुन्हा आणि मिटवा."

"कितकं?"

"अर्ध्यापर्यंत झालं होतं तितकं."

"अर्धं कुठे झालं?" वहिनी म्हणाल्या. "टाच आलीच नाही."

आणि मला घाम फुटला. नमुना एकच. त्यात थांबण्याची खूण एकच. ती आम्ही दोघांनी ओरडून ओरडून चुकवली होती. आता हे कापड कुठे संपवायचं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी आपलं समजावलं. वहिनी, टेबलाएवढं झालं, मिटवा. वहिनी, पलंगाएवढं झालं, मिटवा. त्या शांतपणे म्हणायच्या, "मधेच कसं मिटवू? आईंनी असं नाही शिकवलं." बाद चादरींच्या पट्ट्या संपल्या तशा त्या घराकडे वळल्या. आधी पायपुसणं आणि पडदे उसवले. मग उशा. मग सोफ्याचे दोन्ही मोजे, आणि आत आमचा सोफा किती फाटका आहे ते कळलं. फ्रिज इतक्या वर्षांनी उघडा पडला तर त्याचा रंग हिरवा निघाला, मी शपथेवर पांढरा सांगितला असता. घरातली एकेक टाच जात होती आणि तिचा दोरा त्या सपाट पट्ट्यात शिरत होता. पट्टा हॉलमधून माझ्या दुकानात आला, गिऱ्हाइकांच्या पायाखालून गेला, उंबरा ओलांडून पायरीवरून उतरला आणि रस्त्याला लागला. कुणी अडखळलं नाही. गिऱ्हाइकं उलट कौतुक करायची, "छान केलंत, किती सपाट!" आणि मला त्यांना किल्ल्या फेकून माराव्याशा वाटायच्या.

लाँड्रीचे मालक चौकशीला आले. वहिनींना ओरडायला म्हणून आलेले, पण पट्टा पाहून गुडघ्यावर बसले, त्यावरून तळहात फिरवला. "इस्त्री कुणी केली?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा तळहात फिरवून पाहिला. जाताना दबक्या आवाजात मला म्हणाले, "बाई बऱ्या आहेत ना? हवं तर आणखी चादरी पाठवतो." मला वाटतं, त्या माणसाला कळलं होतं.

बऱ्या नव्हत्या. जेवायच्या, माझ्याशी नीट बोलायच्या, पण दोरा ओढताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी दुसरीकडे बघायचो. मला भीती एकच वाटत होती. घर उसवून संपेल, मग काय? मग एक दिवस मी दांडा धरून बसलो असताना त्या खोलीत गेल्या आणि पलंगावरचं पांघरूण घेऊन आल्या. मोठं, जाडजूड, पडद्याच्या सळ्यांवर विणलेलं, दुहेरी घेतलं की मधली ही एवढी टाच पायथ्याला येते. त्या त्यात मिटवलेला टाका शोधायला लागल्या.

"हे राहू दे, वहिनी."

"का म्हणून? यालाही टाचच आहे."

मी दांडा स्टुलावर ठेवला, दुकान तसंच उघडं टाकलं आणि ताईकडे धावलो.

ताईच्या घरी सगळं सपाट असतं. टेबलावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर काच. गादीची चादर इतकी ताणलेली की बसलं की ती माणसाला परत उठवते. दादा खुर्चीच्या कडेवर बसला होता, मागे टेकायची तिथे बंदी असावी. डोळे खोल गेलेले.

"आलास?" ताई मला म्हणाली. "याला घेऊन जा बाबा. रोज नुसता कूस बदलतो, सगळ्या चादरीला सुरकुत्या पाडल्यात."

"दादा," मी म्हटलं, "त्या थांबत नाहीयेत. घर उसवून झालं. आता पांघरूण काढलंय."

दादा उभा राहिला. "कुठलं पांघरूण?"

"पलंगावरचं."

तो एकदम खाली बसला. मग तो जे बोलला ते आमच्या घरातल्या माणसाने मोठ्याने बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "त्या टाचेत आम्ही पाय ठेवतो," तो म्हणाला. "दोघं. तिचे पाय बर्फासारखे गार असतात. मी आधी जाऊन टाच गरम करून ठेवतो, मग ती येते. इथे मला पाय कुठे ठेवायचे तेच कळत नाही रे."

ताईने आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हाताने काचेवर पाण्याचा पेला टेकवला, खाली काही न घालता.

आम्ही घरी आलो. रस्त्यावर पट्ट्याचं टोक दिसताच दादाने चपला काढून हातात घेतल्या आणि तो त्यावरून अनवाणी चालत आला. पायरी, उंबरा, माझं दुकान, हॉल. वहिनी दोन्ही दांडे मांडीवर घेऊन एकट्याच झगडत होत्या. पांघरूण शेजारी पडलं होतं. कडेच्या काही ओळी उसवल्या होत्या, टाच अजून शाबूत होती. दादा समोरच्या स्टुलावर बसला आणि त्याने डावा दांडा धरला. वहिनींनी वर पाहिलं नाही. एक ओळ झाली, दुसरी झाली. त्याने दांडा दोन बोटं पुढे केला, कुणी न सांगता.

मी एक कुलूप उघडायला घेतलं. ते आधीच उघडं होतं.

"इथे वळव," दादा म्हणाला.

"काय?"

"टाच."

"कशाला?" वहिनींचा आवाज अगदी साधा होता. "पाय कुठाय घरात?"

दादाने दांडा एका हातात घेतला, उजवा पाय उचलला आणि सरळ विणलेल्या कापडावर, वहिनींच्या मांडीवर ठेवला. तो पाय काही बघण्यासारखा नव्हता. टाचेला भेगा, अंगठ्याला गाठ, रस्त्यावरची धूळ, आणि ताईकडे कापायला लाज वाटली असेल म्हणून वाढलेली नखं.

"हा आहे ना," तो म्हणाला. "मी फार वाईट बोललो. आपल्या दोघांचंच दुःख मी तुझ्या एकटीच्या अंगावर टाकलं. चुकलो मी. हा पाय आहे, तुझे दोन आहेत. माप घे."

वहिनी त्या पायाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या तो ढकलून देतील, आणि दिला असता तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो. पण त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून त्याच्या तळव्याची वीत घेतली, अगदी सावकाश, आणि वीत घेता घेता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. हात मोकळा नव्हता.

"टाच वळवली की पुढे तितकंच पुन्हा विणायचं असतं," त्या म्हणाल्या. "रस्त्यापासून इथपर्यंत आलंय हे. तितकंच पुन्हा. जन्म जाईल. बसाल?"

"बसेन."

"दांडा धरून?"

"धरून."

वहिनींनी नाक ओढलं आणि त्याच्या पायावर एक चापट मारली. "मग आधी नखं कापून या. दोरा अडकतो."

दादा मुकाट्याने नेलकटर शोधायला उठला. मी दांडा धरायला पुढे झालो, पण वहिनींनी तो माझ्या हातात दिला नाही. त्यांनी तो दादाच्या रिकाम्या स्टुलावर टेकवून ठेवला आणि त्या वाट बघत बसल्या.